सर्जरीच्या अर्जदारासाठी शिफारसपत्र : स्त्री-पुरुष भेद टाळून पत्र कसं लिहावं

पत्र लिहून झाल्यावर 'प्रेमळ', 'मनमिळाऊ' अशी दोन-चार विशेषणं खोडायची आणि आता पत्र निःपक्षपाती झालं असं समजायचं, ही चूक मला सतत दिसते. सर्जरीच्या प्रशिक्षणासाठीच्या निवड समितीवर पत्रं वाचताना दिसते, सहकाऱ्यांचे ड्राफ्ट तपासताना दिसते. बरीच वर्षं मीही तेच करत होते.

त्याचा उपयोग होत नाही, कारण भेद शब्दांत उतरण्याच्या खूप आधी आठवणीत शिरलेला असतो. पत्र लिहायला बसलं की मुलाने काय केलं ते आठवतं, आणि मुलगी कशी आहे ते आठवतं. मग त्याच्या पत्रात केसेस येतात आणि तिच्या पत्रात स्वभाव येतो. म्हणून खाली दिलेला क्रम महत्त्वाचा आहे. आधी पुरावा गोळा करायचा, मग मांडणी, मग शब्द, आणि तपासणी सगळ्यात शेवटी. एका पत्राला दीड-दोन तास लागतात. तेवढा वेळ नसेल, तर टप्पा १ वाचून तिथेच थांबा.

टप्पा १ : 'हो' म्हणण्याआधी

विद्यार्थी दारात उभा राहून पत्र मागतो आणि आपण मान डोलावतो. तसं करू नका. एक दिवस मागून घ्या आणि स्वतःला विचारा : या व्यक्तीला मी ओटीमध्ये (शस्त्रक्रियागृहात) काम करताना स्वतः पाहिलंय का? एकदा-दोनदा नव्हे, मत बनावं इतक्या वेळा? आणि मनापासून शिफारस करायची माझी तयारी आहे का?

यातल्या एकाचंही उत्तर 'नाही' असेल, तर स्पष्ट नकार द्या आणि तिला जास्त ओळखणाऱ्या सहकाऱ्याचं नाव सुचवा. नकार दिला तर तिला दुसरं पत्र मिळवता येतं. हातचं राखून लिहिलेलं पत्र मात्र तिच्या अर्जाला चिकटून राहतं, आणि तिला ते कळतही नाही. अमेरिकेतल्या रेसिडेन्सीसाठी (एमडीनंतरच्या तज्ज्ञ-प्रशिक्षणासाठी) अर्ज करणारे सहसा पत्र वाचण्याचा हक्क सोडून देतात, कारण गोपनीय पत्राला वजन असतं. तुम्ही काय लिहिलंत हे तिला दिसणार नाही, म्हणजे चूक दुरुस्त करायची संधीही तिला नाही. ती जबाबदारी पूर्ण तुमची.

*सावधान :* मुदतीच्या आदल्या रात्री पत्र लिहायला घेऊ नका. दमलेल्या मेंदूतून तयार वाक्यं बाहेर पडतात, आणि जुने समज त्या तयार वाक्यांतच दडलेले असतात.

टप्पा २ : सामग्री गोळा करा

अर्जदाराकडून या गोष्टी मागवा : लॉगबुक (केलेल्या केसेसची नोंदवही), सीव्ही, रोटेशनची (वेगवेगळ्या विभागांतल्या कामाची) मूल्यमापनं, शोधनिबंधांची यादी आणि प्रत्येकात स्वतःचा वाटा काय होता याची एकेक ओळ, ती ज्या कार्यक्रमाला अर्ज करतेय त्याच्या पत्राबाबतच्या अटी. मुलगा असो वा मुलगी, यादी हीच. एकाकडून लॉगबुक आणि दुसरीकडून फक्त सीव्ही घेतला, तर पत्रातली तफावत तिथेच ठरून जाते.

मग अर्धा तास समोरासमोर बसा. प्रश्नही सगळ्यांना तेच विचारा :

१. कोणत्या केसेसमध्ये कोणता भाग तू स्वतः केलास?
२. कोणता निर्णय तुझा होता? चुकला असेल तर पुढे काय केलंस?
३. इतरांना कधी, काय शिकवलंस?
४. संशोधनात कल्पना, माहिती गोळा करणं, विश्लेषण, लेखन यांतलं तुझं काय?
५. कठीण टीका ऐकल्यावर कामात काय बदललंस?

या बैठकीत 'आम्ही' या शब्दावर लक्ष ठेवा. 'आम्ही ऑडिट केलं', 'आम्ही प्रोटोकॉल बदलला' असं कोणी म्हटलं की लगेच विचारा, 'त्यात तू काय केलंस?' माझ्या अनुभवात मुलींच्या तोंडी हा 'आम्ही' जास्त येतो, आणि खोदून विचारलं की बऱ्याचदा कळतं की सगळं ऑडिट तिने एकटीने उभं केलं होतं. तुम्ही विचारलं नाही, तर पत्रात 'टीममध्ये छान काम करते' एवढंच उरेल.

यानंतर तुमच्या गैरहजेरीत तिला पाहिलेल्या दोन-तीन जणांशी बोला. रात्रीच्या ड्युटीचे रजिस्ट्रार (वरिष्ठ निवासी डॉक्टर), ओटी सिस्टर, भूलतज्ज्ञ यांना पुष्कळ माहिती असते. त्यांनाही 'ती कशी आहे?' असं विचारू नका. त्यावर 'चांगली आहे' हेच उत्तर मिळतं. 'तिने केलेलं एखादं काम आठवतं का?' असं विचारा.

*नेहमीची चूक :* 'तूच ड्राफ्ट लिहून आण, मी सही करतो.' यात ज्याला स्वतःबद्दल मोठं बोलायचा सराव आहे त्याचं पत्र दमदार होतं, आणि जिला आयुष्यभर 'नम्र राहा' असं शिकवलंय तिचं पत्र लिंबूटिंबू होतं. माहिती अर्जदाराकडून घ्या, वाक्यं मात्र तुमची हवीत.

*हे विचारू नका :* लग्न, मुलं, नवऱ्याची नोकरी, 'हे सगळं कसं जमवणार?' पत्राशी याचा काडीचाही संबंध नाही, पण एकदा कानावर पडलं की लिहिताना हात त्या बाजूला वळतो.

टप्पा ३ : प्रसंगांचा तक्ता

हा सगळ्यात महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेक जण नेमका हाच गाळतात.

एका कागदावर तीन रकाने पाडा : *काय केलं*, *त्यामुळे काय झालं*, *त्याच पातळीवरच्या इतरांच्या तुलनेत हे कुठे बसतं*. किमान पाच प्रसंग लिहा. पहिल्या रकान्यात फक्त क्रियापदं येऊ द्या. विशेषण आलं तर खोडून टाका.

हा तक्ता मी का करायला लागले ते सांगते, कारण तक्त्याशिवाय काय निसटतं ते त्यातून कळेल.

पोटाची एक लांबलेली शस्त्रक्रिया होती आणि मुख्य सर्जन मी होते. पोट बंद करायला सुरुवात केली, फॅशियाचे (स्नायूंवरच्या मजबूत आवरणाचे) पहिले टाके पडले होते. मोजणीत एक मॉप (रक्त टिपायचा कापडी तुकडा) कमी भरला, म्हणजे तो पोटात राहिलेला असू शकत होता. सिस्टर पुन्हा मोजायला लागल्या. 'बादलीत असेल, सापडेल,' असं म्हणून मी पुढचा टाका घेतला. रिट्रॅक्टर (जखम उघडी धरायचं साधन) धरून उभी असलेली इंटर्न म्हणाली, 'मॅडम, मोजणी जुळेपर्यंत थांबूया.' मी ऐकलं नाही. ती पुन्हा म्हणाली, तेच शब्द, तितक्याच शांत आवाजात, आणि रिट्रॅक्टर तिने ढिला केला नाही. मी थांबले. टाके काढले. मॉप यकृताच्या वर, डायफ्रॅमखाली सापडला.

काही महिन्यांनी तिने सर्जरीसाठी पत्र मागितलं. मी लिहिलं : 'अतिशय प्रामाणिक, काळजीपूर्वक काम करणारी, सगळ्यांची लाडकी मुलगी.' मॉपचा प्रसंग त्यात नव्हता. त्याच हंगामात एका मुलासाठीही पत्र लिहिलं होतं. त्याने रात्री एका रुग्णाचा सीटी लवकर करवून घेतला होता, आणि त्याबद्दल मी अख्खा परिच्छेद लिहिला होता : 'दडपणाखाली निर्णय घेतो, जन्मजात सर्जन.' दोन्ही पत्रं पुढे एकदा शेजारी-शेजारी पाहिली तेव्हा माझ्या लक्षात आलं. तिचं थांबवणं मला नेतृत्व म्हणून दिसलंच नव्हतं, मला त्यात काळजी घेणारी मुलगी दिसली होती. अनुभवाने सगळ्यात लहान असलेल्या व्यक्तीने मुख्य सर्जनला दोनदा रोखलं, आणि मी ते तिच्या स्वभावाच्या खात्यात जमा करून मोकळी झाले. ते पत्र केव्हाच गेलं होतं. परत घेता आलं नाही.

आज तेच असं लिहीन : 'मोजणीत एक मॉप कमी असताना मी पोट बंद करत होते. तिने मला दोन वेळा थांबायला सांगितलं आणि मॉप डायफ्रॅमखाली सापडला. इंटर्नच्या पातळीवर इतका ठाम निर्णय मी क्वचितच पाहिला आहे.' या मजकुरात एकही गोड विशेषण नाही, आणि त्याची गरजही पडत नाही.

*तपासा :* तक्त्यातल्या पाचपैकी किमान तीन प्रसंग कौशल्य, निर्णय किंवा नेतृत्व यांबद्दल आहेत का? सगळे प्रसंग 'रुग्णांशी गोड बोलली', 'सगळ्यांना मदत केली' असे असतील, तर दोन शक्यता आहेत. तिला तशी कामं दिलीच गेली नाहीत, किंवा तुम्ही पाहिली नाहीत. टप्पा २ मधल्या लोकांकडे परत जा.

टप्पा ४ : पत्राचा क्रम पक्का करा

वाचणारा शेकडो पत्रं वाचतो आणि सुरुवातीच्या ओळींवर मत बनवतो. म्हणून क्रम प्रत्येक पत्राला एकच ठेवा :

१. तुम्ही कोण, किती काळ आणि कोणत्या नात्याने तिला ओळखता
२. शस्त्रक्रियेतलं कौशल्य : हात, शरीररचनेची जाण, शिकण्याचा वेग
३. निर्णयक्षमता आणि जबाबदारी
४. नेतृत्व आणि शिकवणं
५. संशोधन
६. रुग्णांशी आणि सहकाऱ्यांशी वागणूक
७. तुलना आणि स्पष्ट शिफारस

वागणूक सहाव्या क्रमांकावर आहे. सर्जनच्या माणुसकीला मी कमी लेखत नाही, रुग्णाला ती लागतेच. पण मुलीच्या पत्रात ती पहिल्या परिच्छेदात आणि मुलाच्या पत्रात शेवटून दुसऱ्या ओळीत, ही तफावत घातक ठरते. २००९ मध्ये मदेरा, हेबल आणि मार्टिन यांनी प्राध्यापकपदासाठी आलेल्या पत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्त्रियांचं वर्णन मदत करणाऱ्या, सांभाळून घेणाऱ्या अशा शब्दांत जास्त झालेलं दिसलं, आणि अशा शब्दांमुळे वाचणाऱ्यांच्या नजरेत उमेदवाराचं पारडं हलकं झालं. चांगल्या हेतूने लिहिलेली स्तुती तिच्या विरोधात गेली.

लांबीही बघा. फ्रान्सिस ट्रिक्स आणि कॅरोलिन सेंका यांनी २००३ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ३०० हून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास मांडला. ती पत्रं प्राध्यापकपदासाठीची होती. पुरुषांची पत्रं सरासरी २५३ शब्दांची होती, स्त्रियांची २२७. सर्जरीतल्या अलीकडच्या अभ्यासांत असे फरक सगळीकडे सारखे दिसलेले नाहीत, काही ठिकाणी ते अगदी थोडे आहेत. पण त्यावर विसंबून आपलं पत्र तपासायचं सोडू नका. सरासरीत काय आहे यापेक्षा तुमच्या संगणकावरच्या फाइलमध्ये काय आहे, हे त्या अर्जदाराच्या दृष्टीने महत्त्वाचं.

टप्पा ५ : आता शब्द

पत्र बहुधा इंग्रजीत जातं, त्यामुळे नेमके इंग्रजी शब्दच घेते.

'हार्डवर्किंग', 'डेडिकेटेड', 'डिलिजंट', 'सिन्सिअर' हे शब्द कष्टाचे आहेत, कुवतीचे नाहीत. एखाद-दुसरा चालतो. पण पत्रभर तेच असतील, तर वाचणारा ओळींमधला मजकूर वाचतो : हुशारी बेताची, म्हणून मेहनतीवर भागवतेय. मेहनत सांगायचीच असेल तर फळासकट सांगा. 'खूप सराव केला' याऐवजी 'सहा आठवड्यांत दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कॅमेरा धरण्यापासून पित्ताशय यकृतापासून सोडवण्यापर्यंत पोहोचली' असं लिहा.

'आउटस्टँडिंग', 'एक्सेप्शनल' असे शब्द उलट बाजूने तपासा. ते फक्त मुलांच्या पत्रात येत नाहीत ना? आणि ते मीठ भुरभुरल्यासारखे सगळीकडे टाकून भेद मिटत नाही. प्रत्येक मोठ्या शब्दाच्या पाठीशी तक्त्यातला एक प्रसंग उभा हवा. प्रसंग नसेल तर शब्द काढा, मग पत्र कोणाचंही असो.

'गर्ल', 'यंग लेडी', 'स्वीट', 'लव्हली', 'ऑल्वेज स्मायलिंग' हे सरळ खोडा. दिसण्याबद्दल एक अक्षरही नको.

हाक मारण्याची पद्धतही तपासा. मुलगा 'डॉ.' आडनावासह आणि मुलगी नुसत्या नावाने, हे नकळत होतं. मेयो क्लिनिकमधल्या व्याख्यानांच्या वेळी वक्त्यांची ओळख कशी करून दिली गेली, याचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. ओळख करून देणारा पुरुष असताना पुरुष वक्त्याला 'डॉक्टर' म्हटलं गेलं सुमारे ७२ टक्के वेळा, स्त्री वक्त्याला सुमारे ४९ टक्के वेळा. पत्राच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत संबोधन एकच ठेवा.

*सावधान :* 'अॅग्रेसिव्ह' आणि 'कॉन्फिडंट' हे दोन शब्द स्वतंत्रपणे शोधा. मुलाच्या पत्रात 'अॅग्रेसिव्ह' कौतुकाने येतो, मुलीच्या पत्रात तक्रार म्हणून. आणि 'तिचा कॉन्फिडन्स अजून वाढायला हवा' हे वाक्य लिहिण्याआधी तक्ता पाहा. हात थरथरला होता का? निर्णय अडला होता का? की ती फक्त हळू आवाजात बोलते?

टप्पा ६ : शंका पेरणारी वाक्यं

एकाच वाक्याने वाचणाऱ्याच्या मनात पाल चुकचुकते आणि उरलेलं पत्र वाया जातं. ट्रिक्स आणि सेंका यांच्या अभ्यासात अशी किमान एक ओळ असलेली पत्रं स्त्रियांच्या बाबतीत २४ टक्के होती, पुरुषांच्या बाबतीत १२ टक्के. नेहमीचे नमुने :

– 'सुरुवातीला शांत वाटली, पण…'
– 'योग्य मार्गदर्शन मिळालं तर चांगली सर्जन होऊ शकेल.'
– 'माझ्या माहितीप्रमाणे तिच्या कामाबद्दल तक्रार नाही.'
– 'अंगकाठी लहान असली तरी लांब केसेसमध्ये टिकते.'
– 'घर सांभाळूनही कधी रजा घेतली नाही.'

शेवटची दोन स्तुती म्हणून लिहिली जातात. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला असतो आणि म्हणूनच ती निसटतात. मुलाबद्दल 'घर सांभाळूनही' असं कोणी लिहीत नाही.

खरी उणीव असेल तर ती लपवू नका. ती तीन भागांत लिहा : नेमकं काय दिसलं, केव्हा दिसलं, पुढे काय बदललं. 'पहिल्या महिन्यात गाठी सैल पडत होत्या. रोज सराव केला, तिसऱ्या महिन्यात मी तिला आतड्याच्या जोडणीत टाके घेऊ दिले.' यात शंका राहत नाही, माहिती मिळते.

शिक्षणात खंड असेल (बाळंतपण, आजारपण), तर त्याचा उल्लेख अर्जदाराने स्वतः सांगितलं तरच, आणि तिने सांगितलेल्या शब्दांत करा.

टप्पा ७ : तपासणी

पत्र एक रात्र बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी या क्रमाने बघा.

*अदलाबदल :* नाव आणि सर्वनामं बदलून पत्र मोठ्याने वाचा. 'तो सगळ्यांचा लाडका आहे, नेहमी हसतमुख असतो' हे कानाला खटकलं, तर ते वाक्य तिच्या पत्रातही नको.

*दोन रंग :* कृती आणि परिणाम सांगणारी वाक्यं एका रंगाने, स्वभाव आणि कष्ट सांगणारी दुसऱ्या रंगाने रंगवा. पहिला रंग निम्म्याहून कमी दिसला, तर टप्पा ३ कडे परत.

*शेजारी-शेजारी :* तुम्ही लिहिलेली मागची पाच-सहा पत्रं काढा आणि हेच रंग त्यांना लावा. एकट्या पत्रात भेद दिसत नाही. रांगेत ठेवलं की लपत नाही. ही तपासणी वर्षातून एकदा तरी कराच.

लिंगभेदी शब्द मोजून देणारी साधनं इंटरनेटवर आहेत. वापरायला हरकत नाही, पण त्यांना लिहिलेला शब्द दिसतो, न लिहिलेला प्रसंग दिसत नाही. माझं मॉपवालं पत्र एखाद-दुसरा शब्द बदलून त्या साधनातून सहीसलामत सुटलं असतं.

'मी स्वतः स्त्री आहे, माझ्याकडून हे होणार नाही' हा भ्रमही सोडा. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या विज्ञान शाखांच्या १२७ प्राध्यापकांना एकच अर्ज पाठवला गेला, काहींना जॉनच्या नावाने, काहींना जेनिफरच्या. जेनिफरला कमी लेखण्यात स्त्री आणि पुरुष प्राध्यापक सारखेच होते.

साचेबंद फॉर्म असेल तर

काही शाखांत मोकळ्या पत्राऐवजी ठरावीक रकान्यांचा फॉर्म भरावा लागतो. यामुळे लांबी आणि क्रम आपोआप सारखे राहतात, पण शेवटचा मोकळा रकाना आणि तुलनेची श्रेणी तुमच्याच हाती असते. आधी तक्ता करा, मगच श्रेणीवर खूण करा. सगळ्यांनाच सर्वोच्च श्रेणी दिलीत तर फरक पुन्हा त्या मोकळ्या रकान्यातल्या दोन ओळींवरच ठरतो.

पत्र मागणाऱ्यांसाठी

मुदतीच्या किमान चार आठवडे आधी मागा. 'पत्र द्याल का?' याऐवजी 'माझ्यासाठी भक्कम पत्र लिहू शकाल का?' असं विचारा. समोरचा घुटमळला तर आभार मानून दुसरीकडे जा. सोबत स्वतःच्या पाच प्रसंगांचं एक पान द्या, प्रत्येक वाक्याचा कर्ता 'मी' असेल असं. त्यात बढाई नाही. लिहिणाऱ्याला तीच सामग्री लागते.

पत्र वाचणाऱ्यांसाठी

अमेरिकेत जानेवारी २०२२ पासून यूएसएमएलईच्या (डॉक्टरांच्या परवाना परीक्षेच्या) पहिल्या टप्प्याचे गुण बंद होऊन फक्त उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागतो. त्यामुळे पत्रांचं वजन वाढलंय. वाचताना कौशल्य, निर्णय, नेतृत्व, संशोधन असे रकाने आधी आखून घ्या आणि पत्रातला पुरावा त्यांत भरा. रकाना रिकामा राहिला तर ते 'माहिती नाही' म्हणून नोंदवा, 'कमी आहे' म्हणून नको. मुलाखतीत तोच प्रश्न विचारता येतो.

आणि लिहिणाऱ्यांनो, पत्र पाठवल्यावर तक्ता फेकू नका. अर्जदाराच्या नावाच्या फोल्डरमध्ये तारखेसह ठेवा. काही वर्षांनी तीच व्यक्ती फेलोशिपसाठी पुन्हा पत्र मागायला येते, तेव्हा तुम्हाला 'ती फार गोड होती' एवढंच आठवत असतं.